खोली, ब्लॉक आणि सोसायटी : मुंबईच्या उपनगरी निवासाचा एक आढावा

मुंबईच्या सामाजिक इतिहासात बंदर, गिरण्या आणि चाळ यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने उपनगर हा विषय उपेक्षित राहिला. उपनगर म्हणजे सकाळी रिकामे होणारे आणि रात्री भरणारे ठिकाण, तेथे इतिहास घडण्यासारखे काय असणार, असा समज त्यामागे असावा. वस्तुतः मुंबईकर म्हणवणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आज उपनगरांतच राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९३.५ लाख होती. ठाण्यापलीकडच्या वस्त्या त्यात धरलेल्या नाहीत. इतक्या माणसांचे घर कसे घडले आणि त्या घराशेजारी कोणी राहावे हे कोणी ठरवले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पहिल्याचे उत्तर बरेचसे नकाशांत आणि बांधकामाच्या नियमांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर अधिक अडचणीचे आहे.

प्लेगपासून प्रारंभ

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. हा प्लेगच आहे असे निदान करणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. रोगाचे मूळ दाट वस्तीत, कोंदट खोल्यांत आणि ओलीत आहे, असे त्या काळच्या अधिकाऱ्यांचे मत होते. उंदरावरच्या पिसवांचा संबंध अजून सर्वमान्य व्हायचा होता. साहजिकच रोगावरचा उपाय म्हणून घरे पाडण्याचे ठरले आणि १८९८ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादेत १९१२ साली सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले, त्याच्या कामाचे वळणही पुष्कळसे असेच होते : दाट वस्ती मोकळी करायची, रुंद रस्ते काढायचे आणि शहराबाहेर नवी वस्ती आखायची.

ट्रस्टचा पहिला हातोडा नागपाड्यासारख्या वस्त्यांवर पडला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते समुद्राचा वारा शहरात खेळावा म्हणून काढले गेले. रस्ते झाले, वाराही आला, पण त्या जागी राहणारी माणसे कोठे गेली? कामाच्या जागेपासून दूर जाणे हमाल, विणकर, फेरीवाले यांना परवडणारे नव्हते. ती शेजारच्या गल्लीत शिरली आणि तेथील खोल्या अधिकच भरल्या. ट्रस्टने बांधलेल्या चाळी पाडलेल्या घरांच्या मानाने अपुऱ्या होत्या. प्रशांत किदंबी यांच्यासारख्या इतिहासकारांनी ट्रस्टचे हे अपयश सविस्तर दाखवले आहे. गरिबांच्या आरोग्यासाठी निघालेल्या योजनेचा लाभ अखेर मध्यमवर्गाच्या पदरात पडला आणि त्या लाभाचे नाव दादर–माटुंगा.

माटुंग्याचा ब्लॉक

१८९९–१९०० च्या सुमारास ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या पट्ट्याची आखणी हाती घेतली. तेव्हा तेथे भातशेती, नारळी-ताडांच्या बागा आणि खाडीकडे मिठागरे होती. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेण्यात आली. कसणाऱ्यांचे हक्क वेगवेगळ्या प्रकारचे व गुंतागुंतीचे असल्याने वाद झाले. पहिल्या महायुद्धाने काम आणखी रखडले. प्रत्यक्ष इमारती उभ्या राहिल्या त्या मुख्यतः १९२० आणि १९३० च्या दशकांत.

विलायती कल्पनेतले उपनगर म्हणजे बाग असलेले स्वतंत्र घर. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांच्या मनातही काहीसे तसेच चित्र होते. माटुंग्यात मात्र तळमजला व वर दोन मजले अशा इमारती झाल्या आणि प्रत्येक मजल्यावर ब्लॉक निघाले. निखिल राव यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात याच गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. त्यांच्या विवेचनानुसार मुंबईचे उपनगर बंगल्यांचे न होता ब्लॉकचे झाले आणि त्यातूनच शहरी मध्यमवर्गाच्या राहणीचा नमुना ठरला.

या ब्लॉकमध्ये नवे काय होते हे समजण्यासाठी चाळीतली खोली आठवावी लागते. चाळीत एक खोली, कोपऱ्यात मोरी, बाहेर सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास. तेथे खाजगी असे काही नसते. कोणाकडे पाहुणा आला, कोणाचा पगार उशिरा झाला, हे गॅलरीला आधी कळते. ब्लॉकमध्ये दार बंद करता येऊ लागले. स्वयंपाकघर वेगळे, बसायची खोली वेगळी आणि स्नानगृह व संडास घराच्या आत. आज ही बाब किरकोळ वाटेल, परंतु त्या काळी संडास घरात असणे अनेक कुटुंबांना पचले नाही. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात चुलीपासून काही हातांवर संडास ही कल्पनाच विटाळाची होती. यावर तोड निघाली ती अशी की, संडास मागच्या अंगाला, स्वयंपाकघरापासून होईल तितका दूर ठेवायचा. सफाई कामगारासाठी इमारतीच्या मागे लोखंडी गोल जिना असे. मुंबईच्या जुन्या इमारतींमागे हे गंजलेले जिने अजूनही कोठे कोठे दिसतात. भिंती सिमेंट काँक्रीटच्या झाल्या, जमिनीखालून मलवाहिन्या आल्या, तरी माणसाला मागच्या दाराने आणण्याची रीत नव्या इमारतीत तशीच शिरली. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत या जिन्याची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही.

उजेड आणि हवा यांसाठीही नियम होते. इमारतीची उंची दोन फूट वाढली की समोर एक फूट मोकळी जागा, असा साधारण साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा हिशोब ट्रस्टने लागू केला. माटुंग्याच्या रस्त्यावर आजही झाडांखालून जाताना आकाश दिसते, त्याचे श्रेय या कोनाला आहे.

या ब्लॉकमध्ये राहायला आलेली माणसे प्रायः भाडेकरू होती. तमिळ व मल्याळी कारकून, टंकलेखक, रेल्वे आणि विमा कचेऱ्यांतील नोकरदार, गुजराती व्यापारी, महाराष्ट्रीय शिक्षक आणि वकील. त्यांना जोडणारा धागा लोकल गाडी हा होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत वीज पोहोचली. गाडीच्या वेळापत्रकाने घराचेही वेळापत्रक ठरवले : नळाला पाणी केव्हा, डबा केव्हा, मुलांची शाळा केव्हा. पुरुष कचेरीत गेल्यावर दिवसभर वस्ती बायका, मुले आणि वृद्ध यांची असे. भाजीबाजार, वाचनालय, भजनी मंडळ, मैदान या गोष्टी त्यांच्यामुळे उभ्या राहिल्या. महाविद्यालयेही वस्तीमागोमाग आली. रुईया १९३७ मध्ये, पोदार १९४१ मध्ये. शहराच्या दक्षिण टोकाला असलेले उच्च शिक्षण अशा रीतीने पायी जाण्याच्या अंतरावर आले आणि त्याचा सर्वाधिक लाभ मुलींना झाला असे मानावयास हरकत नाही.

सोसायटीचे फाटक

निवासाच्या इतिहासात ब्लॉकइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था, अर्थात सोसायटी. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्याने पतपेढीखेरीज अन्य प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने चित्रापूर सारस्वतांनी १९१५ मध्ये गावदेवीस सोसायटी नोंदली. भारतातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. हाच नमुना पुढे उपनगरांत गेला. वांद्र्याला १९१८ मध्ये सालसेट कॅथलिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या वस्तीत गोवेकर, मंगळूरकर आणि स्थानिक ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशी कुटुंबे नांदू लागली. सांताक्रूझला सारस्वत कॉलनी झाली. दादरला मंचेरजी एदलजी जोशी या ट्रस्टच्याच अभियंत्याने मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. त्याच्या शेजारी हिंदू कॉलनी उभी राहिली. ‘कॉलनी’ या शब्दाआधी जातीचे किंवा धर्माचे नाव लावण्यात तेव्हा कोणालाच वावगे वाटले नाही.

सहकारासाठी परस्पर विश्वास लागतो आणि विश्वास ओळखीतून येतो. कर्जाला जामीन राहणारा माणूस आपल्यातला असला म्हणजे बरे, हा त्यामागचा विचार होता. परगावाहून आलेल्या अल्प वेतनाच्या माणसाला घर मिळवून देण्याचे काम या संस्थांनी चोख केले, हे नाकारता येत नाही. मात्र ज्या नियमाने आतल्याला आधार मिळतो, त्याच नियमाने बाहेरच्याला दार बंद होते.

बंद दाराचा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा विद्वत्तेत त्यांच्या तोडीचा माणूस त्या शहरात विरळा होता. तरी राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते उतरले. त्यांची जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यांच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही आसरा देण्याचे टाळले. बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. मुंबईत त्यांचे घर होते परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे ते दोन खोल्यांत राहिले. त्यानंतर ते दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या ‘राजगृह’ या घरात राहावयास गेले. ते मुख्यतः ग्रंथसंग्रहासाठी बांधलेले घर होते. चाळीतल्या खोलीपासून उपनगरातल्या स्वतःच्या घरापर्यंतचा हा प्रवास ट्रस्टच्याच दोन योजनांमधून झाला. मुळात ही जमीन ट्रस्टची, म्हणजे सार्वजनिक संस्थेची होती. केवळ खाजगी व्यवहारावर सारे सोपवले असते तर काय झाले असते, याची कल्पना बडोद्याच्या प्रसंगावरून करता येते.

जोगेश्वरी

१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई उपनगर जिल्हा स्वतंत्र झाला. त्यातील जोगेश्वरी हे या इतिहासाच्या दृष्टीने फार बोलके ठिकाण आहे. येथे सर मोहम्मद युसुफ इस्माईल यांच्या देणगीतून १९३० मध्ये इस्माईल युसुफ महाविद्यालय सुरू झाले. मुस्लिम विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाची सोय हा देणगीमागचा हेतू होता, परंतु सरकारी महाविद्यालय या नात्याने ते सर्वांना खुले राहिले आणि अंधेरी, पार्ले, मालाड, बोरिवली येथील मुले तेथे शिकली. पु. ल. देशपांडे यांच्या बालपणाचा काही काळ जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत गेला. पुढे पार्ल्याहून ते याच महाविद्यालयात शिकावयास आले. मुस्लिम दात्याच्या पैशाने टेकडीवर उभे राहिलेले महाविद्यालय आणि त्यात शिकणारे पार्ल्याचे मराठी तरुण, ही त्या काळची सहज घडणारी गोष्ट होती. कोणी तिचा समारंभ केला नाही.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाड्यासाठी इमारत बांधणे फायद्याचे राहिले नाही. त्यामुळे खोली घ्यायची तर पागडी आणि ब्लॉक घ्यायचा तर मालकी हक्काने, अशी परिस्थिती आली. मालकीच्या ब्लॉकांच्या व्यवहारासाठी १९६३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द उपनगरांत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. जोगेश्वरीच्या टेकड्यांवर आणि उतारांवर गिरणी कामगार, कोकणातले चाकरमानी, उत्तर प्रदेशातले विणकर व कारागीर यांच्या चाळी व झोपड्या वाढत गेल्या. अशा वस्तीत सोसायटीचा ठराव शेजारी निवडत नव्हता. जागा मिळेल तेथे माणूस राहिला, म्हणून वस्ती मिसळलेली राहिली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनी ही मिसळण मोडली. जानेवारीत जोगेश्वरीच्या ज्या चाळीत लावलेल्या आगीत सहा जणांचा अंत झाला, ती राधाबाई चाळ या नावाने देशभर पोहोचली आणि त्या घटनेचे निमित्त शहरभर वापरले गेले. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ मधील अहवालानुसार दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. मृतांचा आकडा आयोगाने दिला. पत्ता बदललेल्या कुटुंबांची मोजदाद तशी झाली नाही. हिंदू घर मुस्लिम गल्लीतून निघाले, मुस्लिम घर हिंदू गल्लीतून. खोल्यांची अदलाबदल झाली, कित्येकांनी मिळेल त्या भावाने विकल्या.

मुंब्रा

यांपैकी पुष्कळ मुस्लिम कुटुंबे ठाण्यापलीकडे मुंब्र्यास आली. पारसिकचे डोंगर आणि खाडी यांच्यामधला हा चिंचोळा पट्टा. कौसा येथे कोकणी मुस्लिमांची जुनी घरे होती, डोंगरावर मुंब्रादेवीचे देऊळ. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली तेव्हा मुंब्रा तिच्यात आला. मुंब्र्याची सारी वाढ दंगलीच्या खाती घालणे मात्र बरोबर नाही. नागपाडा–मदनपुऱ्यातील एका खोलीत तीन भाऊ संसार करीत. त्यांतील एकाने आपला हिस्सा घेऊन ‘वन रूम किचन’ घ्यायचे ठरवले तर मुंबईत ते शक्य नव्हते, मुंब्र्यात होते. स्वतंत्र मोरी, स्वतःचा संडास, मुलीला अभ्यासाला कोपरा आणि बंद करता येईल असे दार. माटुंग्याला १९३० साली आलेल्या तमिळ कारकुनाची आणि मुंब्र्याला १९९४ साली आलेल्या अन्सारी किंवा शेख कुटुंबाची इच्छा वेगळी नव्हती.

वेगळे होते ते बांधकाम. माटुंग्यात जमीन आधी आखली गेली, मलवाहिनी आधी आली आणि मग माणसे. मुंब्र्यात माणसे आधी आली. परवानगीवाचून इमारती झाल्या, दोन इमारतींमध्ये हात घालण्याइतकीच जागा राहिली. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम ज्या शहराने लागू केला, त्याच्यापासून दीड तासाच्या अंतरावर खिडकी उघडली की समोरची भिंत लागते. कागदपत्रे पुरी नसल्याने गृहकर्ज मिळत नसे. दागिने, आखाती देशांतील कमाई आणि नातेवाइकांची उसनवारी यांवर घरे घेतली गेली. अशा इमारतीची सोसायटी नोंदवणेही अवघड. एकीकडे सोसायटीचे फाटक घट्ट बंद, तर दुसरीकडे सोसायटीच नाही. पाण्याची मोटार बिघडली तर वर्गणी कोणी काढायची, इतक्या साध्या गोष्टीलाही आधार नसतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ ‘लकी कंपाउंड’ मधील बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जण मरण पावले. अपुऱ्या इमारतीत माणसे राहू लागली होती, कारण तेवढेच परवडणारे होते.

मध्यंतरी १५ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात निर्णय दिला. सभासदत्व विशिष्ट समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम, सहकार कायद्यात त्यास मनाई नसल्याने, वैध ठरला. संघटन स्वातंत्र्याच्या दृष्टीने न्यायालयाची भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु १९१५ मध्ये परगावच्या गरीब कारकुनाला आधार म्हणून निघालेली सवलत घरांची टंचाई असलेल्या शहरात नव्वद वर्षांनी काय करते, हा प्रश्न त्या निकालाने विधिमंडळावर सोपवला आणि विधिमंडळांनी तो तसाच ठेवला. गुजरातमध्ये, विशेषतः अहमदाबाद व वडोदऱ्यात, १९९१ चा अशांत क्षेत्रांचा कायदा लागू असलेल्या भागांत घर विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घाबरून कवडीमोलाने होणारी विक्री थांबवणे हा त्याचा घोषित हेतू. मोहल्ले एकदा वेगळे झाल्यावर त्यांना तसेच ठेवण्याचे कामही त्याच परवानगीतून होते, अशी तक्रार तेथे वारंवार केली गेली आहे.

मुंब्र्याच्या माणसाला नोकरीसाठी, महाविद्यालयासाठी, इस्पितळासाठी रोज मुंबई किंवा ठाणे गाठावे लागते. १९१६ मध्ये खुल्या झालेल्या पारसिक बोगद्यातून जलद गाड्या कित्येक दशके मुंब्रा बाजूला टाकून गेल्या. धीम्या गाड्या खाडीकाठाने वळसा घालून येत आणि त्यांत कल्याण-डोंबिवलीची गर्दी आधीच भरलेली असे. २०२२ मध्ये ठाणे–दिवा दरम्यान नव्या मार्गिका झाल्यावर जलद लोकलही मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर रेल्वेने नव्या लोकल गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचे जाहीर केले.